यमुताईंचा बॅकअप

आमच्या सक्करदऱ्यात कोणाचं लग्न जमलं की लोक पेढे आधी यमुताईंकडे नेतात, मग देवळात. मोडलं की शिव्या द्यायलाही त्यांच्याकडेच येतात.

अकरा वर्षांत जमवलेले तीनशे बारा बायोडेटा त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये होते. त्यातला एक माझा. मी प्रीतम, वय अडतीस, त्यांच्याच वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. पाच वर्षांत बाईंनी मला एक मुलगी दाखवली नाही, तेव्हा माझा त्यांच्यावर राग आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

कॉम्प्युटर पार म्हातारा झाला होता. यमुताई तो सुरू करून कुकर लावायच्या. चौथ्या शिट्टीला पडदा उजळायचा. रविवारी उमरेडहून तीन घरची माणसं स्थळं बघायला येणार होती. तेव्हा सून मयुराने ठरवलं, सगळं पुसायचं आणि नवी सिस्टीम टाकायची. पेन ड्राइव्ह माझे, म्हणून मीही हजर.

"शुक्रवारी कर," यमुताई म्हणाल्या, "पण साडेदहाच्या आत. मंग राहुकाळ लागते."

"आधी तुमचे बायोडेटा दुसरीकडे काढून ठेवते, आई."

"तू नको हात लावू वं. ठरेपर्यंत स्थळ कोणाले दाखवू नाही. माझं मी काढतो."

दार लावून त्यांनी काढलं. बाहेर आल्या तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"नीट घेतलं ना?" मयुराने विचारलं.

"मी का अडाणी होय? घड्याळ पाह्य!"

राहुकाळाच्या धाकाने मयुराने तपासलं नाही. कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं, आणि तिने त्यातले सगळे ड्राइव्ह एकजात पुसले. दुपारी नवी सिस्टीम झळकली. यमुताईंनी भरून आणलेला पेन ड्राइव्ह लावला. आत एकच चित्र, कोपऱ्यात छोटा बाण. दाबलं, तर म्हणे वस्तू जागेवर नाही.

मयुरा पांढरी पडली. "आई, हा शॉर्टकट आहे, नुसती खूण. तुम्ही घराची पाटी काढून आणली, घर तिथंच राहिलं."

"मंग घर कुठी आहे?"

"मी पाडलं."

यमुताई खाली बसल्या आणि हमसून रडल्या. मला क्षणभर बरं वाटलं, हे कबूल करतो. मग माझीच मला लाज वाटली. अकरा वर्षांचं काम होतं ते.

पाच मिनिटांनी त्यांनी पदराने नाक पुसलं. "घे वं मयुरा, लिही. गांधीबागचा रवींद्र. उंची पाच सात."

"लिहून दिली होती तीच का?"

"लिहून देल्ली ते पाच दहा होती. आता सगळं नवीनच आहे, तं खरं लिही."

मयुरा टाइप करू लागली.

"नूपुर. स्वभाव शांत... हे खोड. भांडते, पण मनात ठेवत नाही. मंग हा प्रीतम. स्वयंपाक येते म्हणते, अंडं उकडता येते. फोटो टोपी घालून काढला, आत काहीच नाही."

"यमुताई, मी इथंच बसलोय!"

"मंग बस ना गा."

शनिवारी संध्याकाळपर्यंत तीनशे नऊ झाले. उरलेले तिघं काही केल्या आठवेनात. त्यांच्या नशिबी संन्यासच असेल, असा निकाल यमुताईंनी दिला. रविवारची अब्रू वाचली होती.

मयुराने बोटं मोडली. सहज विचारावं तसं म्हणाली, "आई, तुमच्याकडे माझाही बायोडेटा आला होता ना?"

"होता. दोन दिवस."

"मग?"

"दोन घरचे तुले पाहायले तयार होते. मी त्याहिले सांगतलं, पोरगी कामाची नाही."

मयुरा वळली. "असं काहून सांगितलं?"

"मले पाहिजे होती तू. माझ्या घरात."

मयुरा उठली आणि चहा ठेवायला आत गेली. बराच वेळ आली नाही. चहात साखर टाकायची ती विसरली होती. जगातल्या प्रत्येक सुनेच्या चहाला नाव ठेवणाऱ्या यमुताई तो फिका चहा मुकाट्याने प्यायल्या, आणि वर अर्धा कप अजून मागितला.