पांढऱ्या कुत्र्याचा कान

तैवानमधल्या तायनानच्या आमच्या छापखान्यात ग्राहकांच्या फाइली तपासायचं काम त्साई मावशींचं. पारदर्शक प्लास्टिकच्या की-चेनवर रंगांमागे पांढरा थर छापावा लागतो, नाहीतर चित्रातला पांढरा भाग आरपार दिसतो. फाइलमध्ये तो नसला की मावशी फोनवर ओरडतात, "चित्र काय हवेत छापू?" आणि फाइल परत. ग्राहकाच्या फाइलला त्या स्वतः कधी हात लावत नाहीत. नियमच आहे तसा.

एकदा श्येन नावाच्या आजोबांनी आपल्या पांढऱ्या कुत्र्याचं टॅबवर काढलेलं चित्र पाठवलं. मागे थर नव्हता. मावशींनी फोन लावला. "अहो आजोबा, असं छापलं तर नुसतं नाक आणि डोळे दिसतील!"

"मला पुन्हा नाही जमायचं, बाई," आजोबा म्हणाले. "एवढं शिकायलाच चार महिने गेले. आणि तो तर गेल्या महिन्यातच गेला."

मावशींनी जेवणाचा डबा बाजूला सारला आणि थर स्वतः बनवला. एका कानाची कड वाकडी दिसत होती, तीही सरळ केली.

आजोबा न्यायला आले. की-चेन डोळ्यांजवळ धरून बघितली. "सुरेख झालंय. फक्त त्याच्या कानाला खाच होती."

मावशींचा चेहरा पडला. नसबंदी करून सोडलेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला खाच असते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. छापखान्याच्या दारात झोपणाऱ्या कुत्रीलाही ती आहे.

"द्या इकडे," मावशी म्हणाल्या. "कुणा गाढवानं न विचारता फाइलला हात लावलाय. परत पाठवते."