घरभेटीत पास झालेली माणसं

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या बाईला मी भिंगरी म्हणते. तोंडावर म्हणते, पाठीमागे तर म्हणतेच. पन्नाशीला टेकली, पण बूड काही कुठे टेकत नाही. माझ्याकडे चहाला आली की कप हातात धरून ओट्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालते. आमचे हे म्हणतात, "तिला खुर्ची देऊ नकोस, मीटर लाव." नवरा बोटीवर मेकॅनिक, वर्षातला बराचसा काळ पाण्यावर. संसार टिकला तो त्यामुळेच, असं मी म्हणते आणि ती नाही म्हणत नाही.

नोकरी समाजकल्याण खात्यात. एकटं राहणारं म्हातारं माणूस अर्ज करतं, की सकाळी उठवायला, आंघोळ घालायला, दोन घास करून द्यायला खात्याकडून मदतनीस मिळावा. मग भिंगरी त्याच्या घरी जाते. याला म्हणायचं घरभेट. माणसाला स्वतःचं स्वतः किती जमतं ते बघायचं आणि शेरा मारायचा. जमतं असा शेरा पडला की मदतनीस नाही. जमत नाही असा पडला की दुसऱ्या आठवड्यात माणूस दारात हजर. "म्हणजे चांगलं निघालं तर वाईट आणि वाईट निघालं तर चांगलं," मी म्हटलं, "आमच्या सासूबाईंच्या स्वभावासारखं." ती हसली नाही. तिला माझे विनोद कळतात, हसायला सवड नसते.

तिचे वडील खालच्या मजल्यावर एकटे राहतात. बस चालवायचे. अख्खी इमारत त्यांना ड्रायव्हरकाका म्हणते. बायको गेल्यावर काही वर्षं खुटखुटीत होते, मग गुडघे रुसले, हात कापायला लागले. एका सकाळी दूधवाला हाका मारून दमला, दार उघडेना. भिंगरीनं आपल्या किल्लीनं उघडलं तर काका न्हाणीघरात फरशीवर बसलेले, अंगावर टॉवेल ओढून. "पडलो नाही," म्हणाले, "जरा बसलो होतो."

तेव्हापासून ती पहाटेच खाली पळायची, चहा करायची, वर यायची, ऑफिसला पळायची, दुपारी फोन, संध्याकाळी परत खाली. आंघोळीचं नाव मात्र काका काढू द्यायचे नाहीत. "मुलीनं बापाला आंघोळ घालायची? त्यापेक्षा मी पारोसा मरतो." शेवटी तिनं त्यांना अर्ज करायला लावला. कारण पुढे दोनच वाटा उरल्या होत्या. नोकरी सोडायची, नाहीतर काकांना वृद्धाश्रमात ठेवायचं. आणि काकांनी सांगून ठेवलं होतं, "तिथे न्यायचं असेल तर झोपवून न्या, चौघांच्या खांद्यावरून."

खात्याचा नियम असा, की नातेवाइकाची घरभेट स्वतः घ्यायची नाही. इतकंच नाही, भेटीच्या वेळी घरात थांबायचंही नाही. एखादा शेजारी बसला तर चालतो. तो शेजारी अर्थातच मी.

"अगं, पण भेटीला येणाऱ्या साहेबाच्या कानात एक शब्द टाकायला काय जातं?" मी विचारलं. "घरचा वशिला असून उपाशी मरायचं का?"

"आणि ज्यांच्या घरी मी नाही त्यांनी काय करायचं, वहिनी?"

"ते त्यांचं बघतील."

"ते बघू शकत नाहीत म्हणून तर खातं काढलंय." आणि कप तसाच ठेवून गेली. बापालाही तिनं एका शब्दानं पढवलं नाही. जे आहे ते दिसेल, म्हणाली.

घोडं पेंड खातं ते इथेच. काकांच्या डोक्यात तपासणी म्हणजे काय, हे आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांची सगळी नोकरी वर्षाच्या तपासणीवर गेलेली. डोळे, गुडघे, हाताची पकड. पास झाला तर गाडी, नापास झाला तर घरी बस. साहेब तपासायला येतो तो आपल्याला काढायला, आणि आपण पास होऊन त्याचं तोंड बंद करायचं असतं, एवढंच त्यांना माहीत. भेटीच्या आधीचा आठवडा भिंगरी ऑफिसला गेली, की काका व्हरांड्यात कठडा धरून चालायचे, मग कठडा न धरता. मला दिसलं. मी म्हटलं, "काका, मुलगी बघायला जायचंय का?" म्हणाले, "तालीम करतोय." मला वाटलं, प्रकृतीसाठी करतायत. बरंच आहे.

भेटीच्या दिवशी दार काकांनीच उघडलं. दाढी गुळगुळीत, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत. साहेब कोवळा, स्वभावाला गरीब. त्यानं विचारलं, "आजोबा, खुर्चीतून उठता येतं?" काका ताडकन उठले आणि परत बसले आणि परत उठले, एकावर एक फुकट. चहा स्वतः केला. किटली दोन्ही हातांनी उचलली आणि एक थेंब सांडू दिला नाही. आंघोळ? "रोज, गार पाण्यानं." मी इकडे डोळे मोठे करतेय, खोकतेय, पदर चावतेय. साहेबानं मलाच पाणी दिलं.

साहेब गेल्यावर काकांनी बिस्किटांचा पुडा घेऊन सगळ्या मजल्यावर वाटला. "पास," म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यांना खाटेवरून कूस बदलवेना.

अर्ज फेटाळल्याचं भिंगरीला कळलं तेव्हा ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. जिन्यानं खाली गेली, वर आली, परत खाली गेली. मी जिन्यातच बसले होते, सुपारी कातरत.

"वहिनी, माझ्यासमोर किती जण असे उठून उभे राहिले असतील?"

"म्हणजे?"

"मी आधी कळवून जाते. माणूस तयारी करतं. मला ते छान दिसतं, मी लिहिते जमतं म्हणून. मग मी निघून गेल्यावर?"

मी सुपारीचं खांड पुढे केलं. ती तोवर पुन्हा खाली निघाली होती.

पुढच्या सुट्टीपासून ती, जमतं असा शेरा मारून आपणच नाकारलेल्या माणसांकडे न कळवता जायला लागली. सुट्टीच्या दिवशीही काकांना एकटं ठेवणं तिला बरं वाटेना, म्हणून एकदा त्यांनाही टॅक्सीत घातलं. फुकटची करमणूक मी कशाला सोडू, मीही घुसले.

एक बाई होत्या, जन्मभर लोकांचे कपडे शिवलेल्या. एका खोलीत राहायच्या. भिंगरीला दारात बघितल्यावर त्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. लगेच केस सारखे केले आणि खुर्च्या पुढे ओढल्या. "सगळं बेस चाललंय, मॅडम. शिवणसुद्धा करते." कुणी मागितलं नव्हतं तरी कापड मांडीवर घेऊन टाके घालायला लागल्या. काका शेजारीच बसले होते. थोडा वेळ बघत राहिले, मग हात पुढे करून कापड आपल्याकडे घेतलं.

"बाई, सुईत दोरा नाही."

बाईंनी हात मांडीवर ठेवले.

"नोकरीच्या शेवटच्या वर्षी," काका म्हणाले, "डोळ्यांचा तक्ता मी पाठ करून गेलो होतो."

भिंगरी वळून बापाकडे बघायला लागली. हे तिलाही नवं होतं. मी मनातल्या मनात त्या वर्षी त्यांच्या बसमधून किती वेळा गेले ते आठवलं आणि देवाचे आभार मानले.

"मग काय सांगायचं?" बाई म्हणाल्या. "परक्या माणसानं विचारलं आणि आपण म्हणायचं, मला माझी वेणीही घालता येत नाही?"

काकांनी कापडाची घडी केली. नीट जमली नाही, पण केली.  परतताना टॅक्सीत काका लेकीला म्हणाले, "तुमच्या खात्याच्या त्या पोराला परत बोलव."

"मी नाही बोलवू शकत, बाबा. तुम्ही मागायचं असतं."

"म्हणजे नापास करा म्हणून अर्ज मीच करायचा."

"हो."

"भारी खातं आहे तुमचं."

दुसऱ्या भेटीलाही मीच बसले. दाढी वाढलेली होती, सदरा आदल्या दिवसाचा. साहेबानं तोच प्रश्न विचारला. काकांचे हात सवयीनं खुर्चीच्या दांड्यांवर गेले, तिथेच थांबले.

"नाही येत उठता."

"मागच्या वेळी तर आजोबा…"

"मागच्या वेळी तालीम केली होती. नंतर दोन दिवस आडवा होतो. ह्या बाईंना विचारा, एरवी गावभर सांगत असतात."

मी सांगितलं. न्हाणीघराचंही सांगितलं. काका तोवर भिंतीकडे बघत होते. त्यांच्या मानेवर मळाची रेघ होती, ती साहेबानंही पाहिली आणि काही न बोलता लिहीत राहिला.

अर्ज मंजूर झाला. या खेपेला बिस्किटं नाहीत. काका लेकीशी धड बोलेनात, हो-नाहीवर भागवायचे. तिनं काय वाईट केलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मदतनीस आला तो पैलवानासारखा दांडगा. पहिल्याच दिवशी न्हाणीघरातून काकांचा आवाज आला, "हळू, ब्रेक मार, पुढे स्टॉप आहे."

भिंगरी जिन्यात उभी राहून ऐकत होती. कितीतरी दिवसांनी तिच्या सकाळच्या वेळात रिकामी जागा झाली होती. मी दारातून म्हटलं, "ये, आता तरी बसून चहा पी."

ती आली. खरंच बसली. मी कप भरला.

"शिवणकामवाल्या बाईंचं काय झालं गं?" मी विचारलं.

"अडकलंय. स्वतःचाच शेरा बदलला की खात्याची लाज जाते म्हणे. मोठे साहेब सही करत नाहीत."

"मग?"

"रोज जाऊन त्यांच्यासमोर उभी राहते."

"आणि तोवर त्या बाई?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. असले प्रश्न मी विचारायला नको होते, चहा गरम होता. ती उठली, पर्स खांद्याला लावली.

"ऑफिसच्या आधी त्यांची वेणी घालून येते," म्हणाली, आणि जिना उतरायलाही लागली.