गाडी डबल स्टँडवर

वडिलांची जुनी मोटारसायकल ऑइल खायला लागली होती. दर रविवारी ते ऑइल मोजायची पट्टी काढून बघत, कमी दिसलं की भरत. तरी धूर वाढतच होता. इंजिनचं काम निघालं तर गाडी विकावी लागणार होती, आणि मी तिच्यावरच सिन्नरहून नाशिकला कॉलेजला जायचो. घरातून कॉलेजला जाणारा मी पहिलाच.

शेवटी आम्ही गाडी गॅरेजात नेली. मिस्त्रीने ती डबल स्टँडवर सरळ उभी केली, थोडं थांबून पट्टी काढली. ऑइल खुणेच्या बरंच वर होतं.

"दादा, साइड स्टँडवर बघता का? तिरप्या गाडीत कमीच दिसणार. जास्तीचं ऑइल जळतंय. इंजिनाला काय नाय झालेलं."

वडील हसले. "म्हंजे पाजत होतो मीच, अन् बेवडी म्हणत होतो तिला."

जास्तीचं ऑइल काढल्यावर दोन दिवसांत धूर थांबला.

कंबर दुखायला लागल्यापासून वडिलांना गाडी डबल स्टँडवर ओढता येत नव्हती, हे मला त्या दिवशी गॅरेजात कळलं. ते बोलले नव्हते, मीही कधी विचारलं नव्हतं. आता रविवारी त्यांचा चहा होईपर्यंत मी गाडी डबल स्टँडवर लावून ठेवतो. पट्टी मात्र तेच बघतात.