शेवटच्या टाळीआधीचा श्वास

मी अमरावती जिल्ह्यातला. नोकरीतली शेवटची तीन वर्षं लखनौ छावणीत गेली, इंजिनिअर कंपनीत हवालदार म्हणून. निवृत्तीनंतर इथेच सरोजिनी नगरात घर केलं. कोल्हापूरशी माझं नातंगोतं नाही. तरीही तिथल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचा एकही सामना मी चुकवत नाही. मुलगी म्हणते, "पापा, वो अपनी टीम थोड़ी है." तिच्यासाठी हे लिहितो आहे.

नाईक रणजित पोवार माझ्या सेक्शनमध्ये होता. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे आणि पेठांचे असतात. त्याचा संघ पाणवठा तालीम. सामना असला की तो बॅरकमध्ये बादली पालथी घालून तिच्यावर फोन टेकवायचा आणि पोरांना भोवती बसवायचा.

"उस्ताद, तुमचा क्लब कुठला?"

"आमच्याकडे क्लब नसतो. कबड्डी असते."

"मग बसा आमच्यात. जागा हाय."

"तुझा संघ हरतोय, रणजित."

"म्हणून तर जागा हाय."

या संघाची टाळी ठरलेली होती. दोन, दोन, तीन. मग एक पूर्ण श्वास थांबायचं आणि शेवटची एक. आम्ही सगळे ती शेवटची टाळी घाईने वाजवायचो. रणजित वैतागायचा. "थांबा की ओ! श्वास घ्या. बाहेरचा माणूस हितंच सापडतो." दोन हंगाम बसलो, पण तो श्वास मला कधी जमला नाही.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला हुकूम आला. लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीत एक जुनी तीन मजली इमारत बसली होती आणि प्रशासनाने लष्कराची मदत मागितली होती. सव्वाअकराला आमचा कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, तिथे पोचला. बाकीचे रहिवासी बाहेर निघाले होते. तळमजल्यावरच्या शकुंतला मिश्रा, निवृत्त शिक्षिका, तेवढ्या आत होत्या.

ढिगाऱ्यात माणूस शोधायची एक रीत आहे. लांब शिटी वाजते, यंत्रं बंद होतात, सगळे जागच्या जागी थांबतात. मग पाइपवर ठोकायचं आणि कान लावून ऐकायचं. पहिल्याच शिटीनंतर खालून बाईंचा आवाज आला. स्लॅबला भोक पाडून रणजित हातोडी घेऊन आत उतरला. बारा वाजून दहा मिनिटांनी वॉकीटॉकीवर त्याचं बोलणं आलं.

"माताजी मिल गईं. होश में हैं. पाँव फँसा है. ओवर."

"कितना टाइम? ओवर."

उत्तर येण्याआधी मागची भिंत खचली. भोक बुजलं. सेट बंद पडला.

कॅप्टन साहेबांनी शिटी मारली. मी पाण्याच्या पाइपला कान लावला. आधी काहीच नाही. मग दोन, दोन, तीन. एक श्वास. एक.

"जिंदा है, साहब," मी म्हणालो.

हातांनी खोदायला सुरुवात झाली. दर पंधरा मिनिटांनी शिटी, आणि दर वेळी खालून तोच ठोका. मी पाइपवर तसाच ठोका परत द्यायचो. जवळच्याच कपूरथला बाजाराकडून आलेली माणसं दोरीपलीकडे उभी होती. तीही टाळ्यांनी साथ देऊ लागली. सुभेदार साहेब आधी ओरडले, मग म्हणाले, "बजाने दो. नीचे तक जाएगा."

एका सब्जीवाल्याने आमच्या जवानाला विचारलं, "भैया, ये है क्या?"

"कोल्हापुर की टीम की ताली है."

"जीतती है?"

"कभी-कभी."

"चलो, फिर भी," तो म्हणाला आणि वाजवत राहिला.

भर दुपार, स्वच्छ ऊन, आणि शिटी झाली की तो सगळा रस्ता गप्प व्हायचा. कुणी खोकतही नव्हतं. जमिनीखालून येणारी ती टाळी मी ऐकायचो आणि मोजायचो. दोनच्या सुमारास एक गोष्ट खटकली. श्वास नाहीसा झाला होता. शेवटचा ठोका घाईने येत होता. रणजित थकला असेल, असं मी धरलं आणि कुणाला बोललो नाही.

चार वाजता मिश्राबाईंना बाहेर काढलं. चेहरा धुळीने पांढरा. उजव्या मुठीत रणजितची हातोडी.

"हमारा जवान कहाँ है, माताजी?" मी विचारलं.

"उधर, दीवार के पीछे. उसी ने सिखाया, ऐसे बजाइए, बाहर मेरे लोग हैं, पहचान लेंगे. पहले खुद बजाया, फिर दरार से हथौड़ी मुझे थमा दी. तभी उधर और मलबा गिरा. बहुत देर से बोला नहीं है. मैं ही बजा रही थी."

हातोडी मुठीतून सुटेना. मी एकेक बोट सोडवलं.

संध्याकाळ जवळ येत होती आणि उरलेली भिंत हलत होती. पोकलेन तयार उभी होती. ती लावली की काम तासाभरात संपलं असतं, पण खालचा माणूस जिवंत असता तरी वाचला नसता आणि मेलेला असता तरी ओळखू आला नसता. कॅप्टन साहेब म्हणाले, "एक बार और सुनो. आवाज नहीं आई तो मशीन."

शिटी झाली. मी कान लावला. पाइप गार होता.

दोन. दोन. तीन.

मी श्वास घेतला. पहिल्यांदा पूर्ण घेतला.

एक.

मान वर केली. माझ्या शेजारी सुभेदार साहेब आणि दोन जवान पाइपला कान लावून होते. कॅप्टन साहेबांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं.

"मशीन नहीं. हाथ से."

सहा वाजून चाळीस मिनिटांनी रणजित सापडला. आडव्या तुळईखाली, कुशीवर. पाइप त्याच्यापासून चार फूट लांब होता आणि दोन्ही हात छातीशी अडकले होते. डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, जाऊन चार-पाच तास झाले.

लोखंड तापतं, निवतं, वाजतं. पाइपात पाणी असतं. हे मला माहीत आहे. ते माझंच काम होतं. ऐकलं ते लिहिलं आहे, त्याचा अर्थ मी लावत नाही. यंत्र लागलं नाही, म्हणून रणजितचा चेहरा शाबूत राहिला. पार्थिव घेऊन मी कोल्हापूरला गेलो होतो. त्याच्या आईने त्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. वडील मला एवढंच म्हणाले, "बरं केलंसा, हातानं काढलंसा."

मिश्राबाई आता आलमबागला मुलाकडे असतात. पाय थोडा ओढतात. सामना संपला की फोन येतो.

"क्या हुआ हमारा?"

"हार गए, माताजी."

"कितने से?"

"दो गोल से."

"अच्छा. लड़कों से कहना, मन छोटा न करें."

यंदा हंगामाच्या वर्गणीचे पाचशे मी दिले, पाचशे त्यांनी. हजार रुपये रणजितच्या वडिलांकडे पोचले. त्यांनी ते तालमीत भरले आणि पावती मुलाच्या नावाने घेतली: नाईक रणजित पोवार.