किल्ल्या सुनेच्या हाती

बेसमेंटमध्ये शांतता असली की मला त्या बाई आठवतात. साठीच्या, मूळच्या वसईच्या. जुनं ग्राफिक्स कार्ड विकायला रविवारी चर्च आटोपून थेट आमच्या वॉटर्लूच्या घरी आल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. "चालताना बघितल्याशिवाय मी कार्ड देत नाय," म्हणाल्या आणि बूट काढून बेसमेंटमध्ये उतरल्या.

तिथल्या सर्व्हरवर आमचे घरचे व्हिडिओ असतात. तिकडे भारतात, नागपूरला आई ते टीव्हीवर लावायची. तिच्या नेटला झेपतील इतके ते हलके करताना सर्व्हरचा प्रोसेसर धापा टाकायचा, आणि नातीचं स्केटिंग दर गिरकीला अडायचं. प्रोसेसरचं हे काम उचलायलाच मला कार्ड हवं होतं.

मी कार्ड बसवलं आणि आईला फोनवर म्हटलं, लाव. पुन्हा अडलं. सर्व्हरचा पंखा घुरघुरतच होता.

बाईंनी तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा सर्व्हरवर तळवा ठेवला. मग सेटिंग उघडायला लावलं. व्हिडिओचं काम कार्डाकडे द्यायचा पर्याय मी निवडलाच नव्हता.

"सून आणलीस, पण किल्ल्या सासूकडेच," त्या म्हणाल्या. "मग सून नुसती बसते आणि सासू मरमर मरते."

मी तो पर्याय निवडला. आईने पुन्हा लावलं. पंखा हळूहळू गप्प झाला, आणि स्पीकरवर आईचा आवाज आला, "अगं, पडली ती. आणि उठली पण. सगळं दिसलं मला."

बाईंनी तळवा न काढता डोळे मिटले.

"टेकली सासू एकदाची," म्हणाल्या. "आता चहा टाक."