एकोणीस घरं आणि एकच कार्ड

सव्वीस वर्षं दारोदार फिरल्यामुळे मोजणीबाईंना दार उघडायच्या आधीच अर्धं घर कळायचं. बाहेर चपला किती, त्या नीट लावल्यात की भिरकावल्यात, आत टीव्ही मोठ्याने चालू आहे की कुणी तरी घाईघाईने बंद केला, एवढ्यावरून त्या ओळखायच्या की इथे पाणी मिळेल, इथे भांडण मिळेल आणि इथे दोन्ही मिळेल. गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांच्यावर भुंकायचं सोडून देत. पाठीला निळी पिशवी, पायात रबरी तळव्याच्या चपला आणि गळ्यात खात्याचं ओळखपत्र. त्यावरचा फोटो इतका जुना की एका आजीबाईंनी विचारलं होतं, "ही तुमची मुलगी का?"

काम सांगायला सोपं होतं. दर तीन वर्षांनी आकडेवारी खातं निवडक घरांतल्या बायकांना प्रश्न विचारतं. किती शिकलात, नावावर काही आहे का, दवाखान्यात एकटीने जाता का, घरातले निर्णय कोण घेतं. हजारो घरांतली उत्तरं एकत्र झाली की कळतं, मुलींच्या शिक्षणात आणि बायकांच्या अधिकारात देश किती पावलं पुढे गेला ते. मोठ्या इमारतीत त्याचे रंगीत तक्ते लागतात. पण त्या तक्त्यातला प्रत्येक ठिपका आधी कुणाच्या तरी ओट्यावर बसून, मांडीवर टॅब ठेवून टिपलेला असतो.

निर्णयाचा प्रश्न त्यांच्या घरात थट्टेचा झाला होता. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून तो म्हणायचा, "लिही, नवरा घेतो. बायकोला विचारून घेतो, हे लिहायला जागा नसेल तर राहू दे."

मोजणीबाई माहेरची तिसरी मुलगी. आठवीनंतर वडिलांनी शाळा बंद केली. रागाने नाही, पैसे दोघींच्याच फीपुरते होते म्हणून. पुढचं सगळं लग्नानंतर, पाळणा हलवत हलवत झालं. पदवीच्या परीक्षेला सासूबाई बाळाला घेऊन केंद्राबाहेर पायरीवर बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आत आमची सून आहे." मोजणीबाईंच्या स्वतःच्या आईला मात्र वाचता येत नव्हतं. पाहुणे आले की आई वर्तमानपत्र घेऊन बसायची आणि अंदाजाने, बेताबेताने पानं उलटायची. पाहुण्यांना संशय यायचा नाही. मुलींना यायचा, पण तोंडातून शब्द काढायची त्यांची हिंमत नव्हती.

यंदाच्या फेरीत त्यांच्या वाट्याला धोबीघाटामागची गल्ली आली. एकोणीस घरं. जिचं शिक्षण कमी, तिला वाचता येतं का हे पाहायला खात्याने चार कार्डं दिलेली असतात. प्रत्येकावर एक सोपं वाक्य. ती आलटून पालटून दाखवायची, म्हणजे एकीचं वाक्य दुसरीच्या कानावर गेलं तरी बिघडत नाही. पण तीन कार्डांची अक्षरं वापरून वापरून पुसट झाली होती. आधीच कमी दिसणाऱ्या बायांना ती कशी द्यायची, या कनवाळूपणापायी मोजणीबाईंनी दोन दिवस एकच स्वच्छ कार्ड वापरलं. त्यावर होतं: शेजारीण दोरीवर कपडे वाळत घालते.

पहिल्या घरातल्या शिवणवालीने ते खडखडा वाचलं. ती सहावी शिकलेली. दुसरीने वाचलं. तिसरीने तर श्वासही न घेता वाचलं. अठरा घरं झाली आणि अठराही जणींना पूर्ण वाचता येत होतं. मोजणीबाईंचा जीव सुपाएवढा झाला. मागच्या फेरीत हीच गल्ली निम्म्यावर अडली होती!

शेवटचं घर इस्त्रीवालीचं. गल्लीत तिचा शब्द चालायचा. दाराशीच टेबल, शेजारी शर्टांचा ढीग. तिने इस्त्री उभी ठेवली, हात पुसले आणि फोटो काढायला बसावं तशी ताठ बसली. शुक्रवारची दुपार कलली होती. पिशवीत हात घालताना मोजणीबाईंच्या हाती दुसरंच कार्ड आलं आणि त्यांनी न बघता पुढे केलं. त्यावर होतं: दुकानदार सकाळी लवकर दुकान उघडतो.

इस्त्रीवालीने कार्ड हातभर लांब धरलं, मान हलवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "शेजारीण दोरीवर कपडे वाळत घालते."

मोजणीबाईंनी कार्डाकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"बरोबर ना?" इस्त्रीवाली म्हणाली. "आणखी आहे का? आणा."

"नाही. पुरे आज," एवढंच मोजणीबाईंच्या तोंडून निघालं.

घरी येईपर्यंत सगळा उलगडा झाला होता. शिवणवालीने बाहेर येऊन वाक्य सांगितलं असणार आणि इस्त्रीवालीने नळावर सगळ्यांकडून पाठ करून घेतलं असणार. चूक त्यांची नव्हती. चार कार्डं कशाला असतात हे त्यांना नाही, मोजणीबाईंना ठाऊक होतं.

रात्रीच्या जेवणात त्यांचं लक्ष लागेना. "मीठ राहिलंय की कमी पडलंय?" नवऱ्याने विचारलं. त्यांनी सांगितलं. उद्या, शनिवारी संध्याकाळी सहाला टॅबमधले फॉर्म वर जाणार. ज्या वस्तीत निम्म्याहून जास्त बायकांना वाचता येत नाही तिथेच खातं संध्याकाळचा बायकांचा वर्ग देणार, असं परिपत्रक होतं. धोबीघाटाजवळची खोली त्यासाठी रिकामी करून ठेवली होती. असाच आकडा गेला तर वर्ग दुसरीकडे जाईल आणि ह्या बाया एका वाक्याच्या जोरावर तीन वर्षं साक्षर राहतील.

"मग सांग त्यांना, वर्ग मिळणार आहे म्हणून."

"तेच तर सांगायचं नाही. फायदा सांगितला की वाचता येणारी पण 'येत नाही' म्हणेल. नियम आहे तसा."

"आणि फॉर्म बदलले तर तुझं काय?"

"शेरा बसेल. गणकाची चूक. सव्वीस वर्षांत पहिलाच."

नवऱ्याने भाजीचं भांडं पुढे सरकवलं. "एक तरी असावा गं. नाही तर लोकांना वाटायचं, तू कामच केलं नाहीस."

सकाळी सातलाच त्या गल्लीत होत्या. चारही कार्डं रात्रीच खात्यातल्या शिपायाच्या घरी जाऊन, हातापाया पडून नवी करकरीत आणली होती. पण त्या वळणावर दिसताच बातमी पोचली होती. दारं लोटलेली, नळ वाहतोय आणि भांडं ठेवायला कुणी नाही. फक्त इस्त्रीवाली जागेवर, हाताखाली एक बिचारी पॅंट.

"पुन्हा आलात?" ती मान वर न करता म्हणाली.

"चूक माझी झाली ताई. मी एकच कार्ड सगळ्यांना दाखवलं. पुन्हा घ्यावं लागेल."

"आमची चोरी पकडली म्हणा की."

"चोरी कसली? परीक्षा घेणाऱ्याने एकच प्रश्न दोन दिवस फळ्यावर ठेवला, तर मुलं काय डोळे मिटून बसतील?"

लोटलेल्या एका दारामागून कुणी तरी फिसकन हसलं.

इस्त्रीवाली हसली नाही. "देशाच्या वहीत आमची गल्ली अडाणी म्हणून जाणार. बरं वाटेल का तुम्हाला?"

"नावं जात नाहीत. नुसता आकडा जातो."

"आकडाच जातो ना? मग चांगला जाऊ दे की! कुणाच्या बापाचं काय जातंय?"

मोजणीबाईंच्या ओठांवर परिपत्रक आलं होतं. त्यांनी ते गिळलं. आईचं ते वर्तमानपत्र डोळ्यांपुढे आलं, पण तेही सांगण्यासारखं नव्हतं. त्या ओट्यावर टेकल्या आणि टॅब मांडीवर घेतला.

मदत आली ती शिवणवालीकडून. तोंडातली टाचणी काढत ती बाहेर आली. "अगं मावशी, माझ्याकडे बाया येतात ना, माप देताना पोट आत ओढून उभ्या राहतात. श्वास रोखून! मी म्हणते, सोडा पोट. सोडत नाहीत. मग कपडा बसत नाही म्हणून माझ्याच नावाने बोंब. ह्या बाई मापच घ्यायला आल्यात. आपण काल सगळ्यांनी पोट आत ओढलं."

"तुझ्याकडे मी ओढलं होतं का?" इस्त्रीवालीने डोळे वटारले.

"मागच्या महिन्यात. दोन वेळा उसवलं मी."

आता मात्र तीन-चार दारं उघडलीच. इस्त्रीवालीने पॅंटची घडी घातली, इस्त्रीचं बटण बंद केलं आणि हसू दाबायला पदर तोंडाशी नेला. मग धप्पकन स्टुलावर बसली.

"द्या कार्ड. सोडलं पोट."

तिसरं कार्ड होतं. तिने बराच वेळ पाहिलं. बोट एका अक्षरावर ठेवलं. "हे 'म' आहे. आमच्या घरमालकांच्या शर्टांवर हीच खूण घालते मी. बाकीचं येत नाही." थांबून म्हणाली, "लिहा. येत नाही."

मोजणीबाईंनी लिहिलं. तिचं नाही आलं म्हटल्यावर इतरांची भीड चेपली. एकीला औषधांची पाकिटं बघून बघून अक्षरं ओळखीची झाली होती, तिला निम्मं वाक्य लागलं. एकीने सगळं वाचलं आणि स्वतःच दचकली. तिला वाटत होतं, शाळेतलं सगळं विसरलं. मोजणीबाईंनी मुद्दामच बेरीज केली नाही. प्रत्येक घर त्या घरापुरतंच लिहिलं. दुपारी टॅबनेच हिशेब दाखवला: तीन जणींना पूर्ण, पाच जणींना थोडं, अकरा जणींना नाही.

कार्यालयात त्यांच्या वरच्या तरुण मॅडमनी टॅबच्या पडद्याकडे पाहून कपाळाला हात लावला. "ताई, आमच्या भागाचा आकडा वर चढत होता हो!"

"चढतोय अजून. जरा हळू चढतोय."

मॅडमनी शेरा लिहिला, मग पाणी मागवलं आणि ते आधी मोजणीबाईंपुढे केलं.

देशाचा तक्ता लागला तेव्हा त्या अकरा जणींमुळे रेष केसभरही हलली नव्हती. धोबीघाटाजवळच्या खोलीत मात्र पुढच्या महिन्यात सतरंज्या आल्या. एका संध्याकाळी घरी जाताना मोजणीबाई तिथे डोकावल्या. आत पंधरा-सोळा जणी पाट्यांवर वाकलेल्या होत्या. इस्त्रीवाली सगळ्यांत पुढे, शिकवणारीच्या अगदी नाकासमोर.

तिने वळून पाहिलं. "काय हो बाई! वर्ग मिळणार आहे, हे आधी सांगितलं असतं तर मी पहिल्याच वेळी 'येत नाही' म्हटलं असतं!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

इस्त्रीवालीने जरा विचार केला. शिवणवाली, जिला इथे यायची काही गरज नव्हती, शेजारी बसून खुसुखुसू हसत होती.

"बरं, या आत. पाय दुखत असतील तुमचे," इस्त्रीवाली म्हणाली आणि सतरंजीवर सरकून जागा केली. "पण बोलू नका. आमचा तास चालू आहे."

मोजणीबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि अर्धा तास एक अक्षर बोलल्या नाहीत.