एनिड बॅरक्लफने बॉयलर हाती घेतला

नवरा क्लिफर्ड वारला आणि घर तापवणारा तळघरातला तीस वर्षांचा बॉयलर एनिड बॅरक्लफच्या गळ्यात पडला. कीथली गावातल्या त्या दगडी घरात बॉयलर म्हणजे नवऱ्याचं राज्य. शाळेच्या स्वयंपाकघरात रोज तीनशे पोरांना जेवू घालणाऱ्या एनिडने त्याला कधी हात लावला नव्हता.

पहिल्याच हिवाळ्यात खालच्या मजल्यावरचे, गरम पाण्याने खोल्या तापवणारे रेडिएटर चटका बसेल इतके तापायचे आणि वरचे गारठलेले. तपासायला आलेला माणूस म्हणाला, "भंगार आहे. बदला." एनिडने वरचा मजला बंद केला आणि ती खाली कोचावर झोपू लागली. नाताळला येणाऱ्या बहिणीलाही, म्यूरिएलला, "यंदा नको" असं कळवून टाकलं.

चर्चमधल्या चहाच्या वेळी हे हेडली ग्रीनवुडच्या कानावर गेलं. जन्मभर बॉयलर दुरुस्त केलेला म्हातारा. दुसऱ्या दिवशी काठी टेकत तळघरात उतरला.

"जुना झालाय, पण मोडीत काढायला नको."

"माझ्याबद्दल बोलतोयस की बॉयलरबद्दल?"

"दोघांबद्दल. बाह्या वर कर. माझे गुडघे मला सारखा जिना चढू देणार नाहीत."

बॉयलरची गॅसची बाजू त्याने परवाना असलेल्या मिस्त्रीकडून साफ करून घेतली, नळ्यांतला काळा गाळही धुऊन काढायला लावला. बाकी सगळं एनिडवर. तळघरातल्या उघड्या नळ्यांना तिने फोमची वेष्टणं चढवली. एकेका रेडिएटरमधली हवा काढली. मग गरम पाणी वरपर्यंत पोचावं म्हणून खालच्यांचे व्हॉल्व्ह थोडे आवळत, वरचे सैल सोडत, स्वयंपाकातला थर्मामीटर घेऊन चार दिवस जिन्यावर वर-खाली. बॉयलरवरचं पाण्याचं तापमानही तिने उतरवलं.

"बस्स! आणखी उतरवलंस तर आत वाफ थिजून गंज धरेल," हेडली तळघराच्या दारातून ओरडला.

"ओरडू नकोस, बहिरी नाही मी!"

पाचव्या सकाळी तिने वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीतल्या रेडिएटरवर तळहात ठेवला. छान ऊब. ती तशीच पलंगाच्या कडेला टेकली आणि क्लिफर्ड गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळेपणी रडली. मग डोळे पुसून फोन उचलला.

"म्यूरिएल, ये गं. वरची खोली तयार आहे."

म्यूरिएल आली, ती ईस्टरपर्यंत राहिली. गॅसचं बिलही बरंच उतरलं. आता गल्लीत कुणाचा रेडिएटर थंड पडला, की थर्मामीटर खिशात टाकून एनिड निघते, आणि हेडली खुर्चीत बसून तिच्या चुका काढतो.